वरचा गंधार गैरहजर

रविवार, शारदोत्सवाचा तिसरा दिवस. अकोला, एका कॉलनीचा मंडप. वेळ दिवे लागायची.

हजर: नामदेवभाऊ तायडे (सासरा). मी, वंदना वानखडे (विहीण). विकास (नवरा मुलगा, शिवाय गाडीचा चालक). संजीवनी (नवरी मुलगी). प्रकाश (पेटी). हबीबभाई (तबला).

गैरहजर: नामदेवभाऊंचा वरचा गंधार.

प्रत्येक प्रयोगाची हजेरी मी अशी लिहून ठेवते. अमरावतीला राजापेठेत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे कागद आणि सवय दोन्ही हाताशी. आमची मंडळी मला हसतात, पण नाटकातल्या विहिरीच्या रहाटाचा दोर घरी राहिला की माझ्याकडेच बघतात. माणूस गैरहजर असल्याची नोंद मी पुष्कळदा केली होती. एक स्वर गैरहजर असल्याची नोंद गेल्या वर्षी त्या रविवारी पहिल्यांदा केली.

आमचा धंदा थोडक्यात सांगते, कारण संगीत नाटक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मखमली पडदे आणि भरजरी शालू येतात. आमचं तसं नाही. चार नट, दोन वाजवणारे, एक बाज, एक खोटी विहीर, आणि हे सगळं ज्यात मावतं तो विकासचा छोटा हत्ती टेम्पो. गावात मंडप असेल तर मंडपात, शाळा असेल तर शाळेच्या व्हरांड्यात. गणपती, शारदोत्सव, जयंतीचा सप्ताह, कोणाच्या आईची पंच्याहत्तरी, बोलावणं आलं की आम्ही जातो. नाटक विनोदी हवं, गाणी हवीत आणि मुलांना झोप यायच्या आत संपलं पाहिजे, एवढ्याच अटी असतात. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मी अशा नाटकांत पंचवीसेक वर्षं काढली. आधी नवरी मुलगी होते, मग वहिनी, आता विहीण. पुढे आजी आहेच.

गेली काही वर्षं आमचं जे नाटक चालतं त्याचं नाव ‘सासऱ्याची सोयरीक’. एक विधुर माणूस मुलासाठी मुलगी बघायला जातो आणि मुलीच्या विधवा आईच्याच प्रेमात पडतो, इतकीच गोष्ट. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी अंगणात बाजेवर बसून सुपात तूर निवडत असते. व्याहीबुवा येतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि अचानक गायला लागतात. गाण्याच्या शेवटी एकच शब्द आहे, ‘ये’. हा ‘ये’ ते वरच्या सप्तकात गंधारावर नेऊन ठेवतात आणि तिथेच उभे राहतात. दम संपेस्तोवर. मग मी सूप आपटते, लाज काढते आणि तरातरा आत जाते. पडदा. तिसऱ्या अंकात भांडण, मोडलेलं लग्न, समजूत आणि शेवटी माझा होकार.

तो गंधार ही आमची ख्याती होती. नामदेवभाऊ तरुणपणी जयंतीच्या गायन पार्टीत गायचे आणि नोकरी त्यांनी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्याची केली. त्यांनी ‘यवतमाळ’ म्हटलं की झोपलेला प्रवासी उठून चुकीच्या गाडीत बसे, असं हबीबभाई म्हणतात. हबीबभाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते प्रत्येक गोष्ट तबला ठोकावा तशी नेमकी ठोकतात.

शेंदूरजनाघाटला एकदा संत्र्याचे व्यापारी पुढच्या रांगेत बसले होते. नामदेवभाऊंनी गंधार लावला आणि त्यांच्यातल्या एकानं गंमत म्हणून आपलाही श्वास रोखला. शेजाऱ्यानं रोखला. बघता बघता आख्खी रांग गाल फुगवून बसली. ज्याचा दम आधी सुटेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असं ठरलं होतं म्हणे. ही खोड तिथून पसरली. मोर्शी, वरूड, दर्यापूर, जिथे जाऊ तिथे लोक आधीच विचारायचे, दम धरायचं गाणं कोणत्या अंकात आहे. नामदेवभाऊ ‘ये’वर चढले की सगळा मंडप एकदम श्वास आत घेई आणि नामदेवभाऊंनी स्वर सोडला की सगळ्यांचा एकदम सुटे. त्या वाऱ्यानं माझ्या सुपातली फोलपटं उडत. गंमत म्हणून लिहीत नाहीये, एकदोनदा खरंच उडाली आहेत. वयस्कर माणसांनी दम धरू नये, अशी सूचना मी प्रयोगाआधी माइकवरून देत असे आणि ती फक्त वयस्कर माणसंच ऐकत नसत.

त्याच शेंदूरजनाघाटला दुसऱ्या वर्षी अध्यक्षांना घाई होती. सत्कार मध्यंतरात होता, पण त्यांना कुठेतरी बारशाला जायचं होतं. नामदेवभाऊ गंधारावर उभे असताना अध्यक्ष शाल घेऊन चढले. नामदेवभाऊंनी स्वर न सोडता मान वाकवून शाल घेतली, स्वर न सोडता नारळ घेतला आणि स्वर न सोडता नमस्कार केला. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं तेव्हा कुठे स्वर संपला, आणि सुटलेल्या श्वासांच्या आवाजात भाषणही संपलं.

पण गळा हा शेवटी गळा आहे. साठी ओलांडल्यावर नामदेवभाऊंचा गंधार थरथरायला लागला. आणि त्यांची तर भीष्मप्रतिज्ञा होती. त्यांच्या तरुणपणी कुठल्याशा म्हाताऱ्या गायकाला लोक हसताना त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ते सांगत, “ज्या दिवशी माही पट्टी उतरली, त्या दिवशी मिशी उतरवीन.” मिशी म्हणजे नाटकातली, सासऱ्याची. ती उतरली तर नाटक संपलं, कारण दुसरा सासरा आमच्याकडे नाही आणि असा सासरा तर दोन्ही जिल्ह्यांत नाही.

इथे पेटीबद्दल थोडं सांगायला हवं. नामदेवभाऊंची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी. गाणं सुरू करण्याआधी ते कुणालाही काही न विचारता पेटीपाशी येतात, स्वतःच्या बोटानं ती काळी दाबतात, डोळे मिटून स्वर ऐकतात आणि गातात. हा त्यांचा नेम, देवापुढे बोटानं कुंकू लावावं तसा. प्रकाश एका शाळेत संगीत शिकवतो. त्याची पेटी स्केल चेंजर आहे. अशा पेटीत सगळ्या पट्ट्या एकत्र डावी-उजवीकडे सरकवता येतात. म्हणजे बोट असतं पहिल्या काळीवरच, पण आवाज येतो एक घर खालचा. वाजवणाऱ्याची सोय म्हणून कोणीतरी ही युक्ती काढली. आमच्यासाठी ती नाटक वाचवायची सोय झाली.

प्रकाश, हबीबभाई आणि मी, तिघांनी ठरवून पट्ट्या एक घर सरकवल्या. हबीबभाईंनी त्या सुराचा तबला आणला. नामदेवभाऊंनी पहिली काळी दाबली, डोळे मिटले, मान हलवली आणि गंधार असा लावला की मंडपात दोघांना ठसका लागला. प्रयोगानंतर ते म्हणाले, गळा आज जवान झाल्यासारखा वाटला. दोन वर्षांनी दुसरं घर. मग तिसरं. तिथे पेटी थांबली.

यात एकाच माणसाचे हाल झाले, ते म्हणजे माझे. पहिल्या अंकात आमचं एक जोडगाणं आहे. ते काळी एक धरून अशा बेतानं बांधलं होतं की त्यांना चढू नये आणि मला उतरू नये. प्रत्येक घराबरोबर मी एक पायरी तळघरात गेले. तिसऱ्या घराला तर माझा आवाज आडात पडलेल्या बादलीसारखा येऊ लागला. त्याच सुमारास नामदेवभाऊ प्रयोगाआधी मला ज्येष्ठमधाची कांडी देऊ लागले. मोठ्या भावाची माया, असं समजून मी चघळत असे.

आता तो रविवार.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, त्यावर पांढरे पट्टे नाहीत. छोटा हत्ती उडाला, बाज आडवी झाली आणि बाजेचा पाय पेटीच्या भात्यात गेला. अकोल्याला उतरून प्रकाशनं पेटी उघडली, हवा भरली, तर ती गायीसारखी हंबरली आणि गप्प झाली.

मंडळाचे प्रमुख देशमुख सर, निवृत्त मुख्याध्यापक, फार अगत्याचे. ते म्हणाले, काळजी नका करू, वडिलांची पेटी घरी आहे, आणतो. आणली. शिसवी लाकूड, पितळी कोपरे, सूर असा की ऐकून प्रकाशच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. पण साधी पेटी. तिच्या पट्ट्या जिथे होत्या तिथेच. म्हणजे तिची पहिली काळी ही खरोखरची पहिली काळी.

आम्ही तिघं विंगेत. प्रकाश म्हणाला, मी खालून वाजवतो, भाऊंना कळू देत नाही. मी म्हटलं, अरे, ते स्वतः बोट ठेवतात. हबीबभाई म्हणाले, पेटीवर चादर टाक. प्रकाश म्हणाला, चादरीखालून वाजवू कसा. मग मी नामदेवभाऊंना जाऊन सांगितलं की देशमुख सरांच्या वडिलांची आठवण आहे, पेटीला वाजवणाऱ्याखेरीज कोणी हात लावलेला सरांना चालत नाही. नामदेवभाऊ मिशी लावत होते. ते उठले, तसेच अर्ध्या मिशीनं देशमुख सरांकडे गेले आणि हात लावू का म्हणून विचारून आले. सरांना इतकं भरून आलं की त्यांनी पेटीला हार घातला.

हबीबभाईंनी हातोडी काढली आणि तबला चढवायला घेतला. त्या तबल्याला इतकं वर जायची सवय राहिली नव्हती.

पहिला अंक बरा गेला. जोडगाण्यात तर मला कित्येक वर्षांनी स्वतःचा आवाज भेटला. मी इतकी खुलून गायले की विकास विंगेतून डोकावून बघायला आला. नामदेवभाऊ मात्र घामाघूम झाले होते. आत येऊन म्हणाले, आज मंडपात हवा नाही.

दुसरा अंक. मी बाजेवर, मांडीवर सूप. नामदेवभाऊ पेटीपाशी गेले, हारातून बोट घालून काळी दाबली, डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांवर एक आठी आली. पण ते गायला लागले. कडवं निभावलं. दुसरं ओढलं. ‘ये’ आला. ‘ये’ मध्यावर आला, वर आला, सा ओलांडला आणि सगळ्या मंडपानं एकदम श्वास आत घेतला.

नामदेवभाऊंचं तोंड उघडं होतं. हात वर होता. स्वर नव्हता.

लोक मला विचारतात की त्या वेळी मनात काय आलं. काही आलं नाही. पुढच्या रांगेत एक आजी गाल फुगवून लाल झाल्या होत्या, त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान, मागे सगळी कॉलनी. इतकी माणसं श्वास कोंडून बसलीत आणि त्यांना सोडवणारं कोणी नाही, एवढंच मला दिसलं. पुरुषाच्या गळ्याला जो स्वर डोंगराचं टोक, तो बाईच्या गळ्यात मधल्या मजल्यावर असतो. मी सूप बाजूला ठेवलं, उभी राहिले आणि तो ‘ये’ मी लावला. लावला आणि धरला. आजींचा दम सुटला, यजमानांचा सुटला, मागच्यांचा सुटला, तरी माझ्याकडे शिल्लक होता. शेवटी प्रकाशनंच पेटी थांबवली.

टाळ्या पडल्या. मी खाली बसले आणि मग ध्यानात आलं की मी काय केलं. एका विधवा बाईनं भर अंगणात, तूर निवडता निवडता, व्याह्याला सगळ्या गावासमोर ‘ये’ म्हणून बोलावलं होतं. आता सूप आपटायचं कशासाठी आणि लाज काढायची कोणाची? तिसऱ्या अंकाचं सगळं भांडण मी एका श्वासात संपवून टाकलं होतं. बायकांच्या बाजूनं एक स्पष्ट आवाज आला, “बाई तं तयारच होती. मंग यवढा वेळ काहून लावला?”

विकासनं पडदा ओढला.

मेकअपच्या खोलीत नामदेवभाऊ खुर्चीवर बसले होते. कोट काढून मांडीवर घेतलेला. मिशी अजून जागेवर होती, पण बोट तिच्या कोपऱ्यावर होतं. ते म्हणाले की सरांची पेटी चढी आहे, जुन्या पेट्या उकाड्यात चढतात. देशमुख सर चहा घेऊन नेमके त्याच वेळी दारात. त्यांच्या वडिलांच्या पेटीला चढी म्हणणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. त्यांनी कप खाली ठेवले.

संजीवनी गरीब पोर. तिला आमची भानगड ठाऊक नव्हती, आणि तिच्या मोबाइलमध्ये स्वर ओळखायची सोय होती. भांडण मिटावं म्हणून ती धावत गेली, काळी दाबून आली आणि म्हणाली, “भाऊ, पेटी बराबर हाये. काळी एक म्हंजे काळी एकच.”

देशमुख सर समाधानानं निघून गेले. कोपऱ्यात हबीबभाईंची हातोडी चालू होती, ठक, ठक. नामदेवभाऊ बराच वेळ त्या हातोडीकडे बघत राहिले.

“हबीब, तबला काहून ठोकून राहिला तवापासून?”

“उतरून राहिला, भाऊ. चढवून राहिलो.”

“आपल्या रोजच्या सुरातूनच चढवून राहिला नं?”

“हव.”

“किती?”

हबीबभाईंनी आमच्याकडे पाहिलं. प्रकाश जमिनीकडे पाहत होता. हबीबभाईंना खोटं बोलता येत नाही, कूलर सुधारणार नसेल तर ते गिऱ्हाइकाला दारातच सांगतात. “तीन घरं,” ते म्हणाले.

नामदेवभाऊंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं आता मिशी निघणार. मिशी निघाली की तिसरा अंक नाही, हा प्रयोग नाही आणि पुढचा कुठलाच नाही. ते उठले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“मंजे तुहा गळा खराब नाई?”

मला कळेना. “माझा? नाही. काहून?”

“अव, मी चार वर्सं तुले जेष्ठमध चारून राहिलो. मले वाटे बाईचा आवाज गेला. जोडगाण्यात तू म्हशीवानी हंबरे, तं मी गावोगाव मंडळवाल्यायले आधीच सांगून ठेवो, बाईले सांभाळून घ्या, गळ्याचं दुखनं हाये, पन घरी खानारे लय तोंडं हायेत.”

आता मला उलगडा झाला की दर्यापूरला प्रयोगानंतर एका बाईंनी माझ्या हातात हळद-दुधाचा पेला का दिला होता आणि वरूडला एक अनोळखी गृहस्थ ‘बाई, धीर धरा’ का म्हणाले होते. आणि घरी खाणारं मी आणि नवरा, दोघंच. त्याला वीज मंडळात पगार आहे. हबीबभाई तबल्यावर डोकं टेकवून हसायला लागले. संजीवनी हसली. शेवटी प्रकाशही. नामदेवभाऊ हसले नाहीत. पण मिशीवरचं बोट खाली आलं.

“आजचं निभावतो,” ते म्हणाले. “बाकीचं मंग बोलू. पन निभावू काय? हिनं तं हव म्हनून टाकलं.”

हे काम माझं. मी मेकअपच्या डब्याच्या झाकणावर खडूनं लिहायला घेतलं. आईनं होकार दिला आहे. बापाला हवाच होता. मग अडतंय कुठे? विकास म्हणाला, अडत नसेल तर गाडीत सामान भरतो. संजीवनीला सुचलं. “या दोघांचं लग्न झालं तं मी अन् विकास बहीण-भाऊ होऊन नाई का जाणार?” झालं, तिसरा अंक उभा राहिला. आता मुलंच आईबापांच्या आडवी येणार. कोण कुठून येणार, कोण कोणत्या वाक्याला आत जाणार, एवढंच मी लिहिलं. बाकी ज्यानं त्यानं आपलं बोलायचं. सूप राहू दिलं, भांडणात फोडायचा माठ वगळला. मुंडावळ्या पाहिजे होत्या, त्या नव्हत्या, म्हणून देशमुख सरांच्या पेटीवरचा हार तोडून केल्या. सरांना अजून सांगितलेलं नाही.

पडदा उघडला तेव्हा आम्हा चौघांनाही पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. प्रेक्षकांना मात्र ठाऊक असल्यासारखं वाटत होतं, कारण ते मधून मधून सांगत होते. विकासनं बापाला विचारलं, तुमच्या लग्नात मी करवला होऊ का मामा. मागून कोणी म्हणालं, दोन्ही हो, दोन पंगती जेवशील. मग मुलं रुसून आत गेली आणि अंगणात आम्ही दोघं उरलो. इथे झाकणावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

नामदेवभाऊंनी उपरणं झटकलं, बाजेच्या टोकाला बसले आणि सासऱ्याच्या आवाजात विचारलं, “विहीणबाई, यवढ्या लवकर ‘ये’ काहून म्हटलं?”

मला जे आलं ते मी बोलले. “तुमी दमले होते.”

मंडप हसला. नाटकातल्या माणसाकडे पाहतात तसं ते माझ्याकडे पाहत नव्हते.

“दमलो नोतो,” ते म्हणाले. “थांबलो होतो.”

मी म्हटलं, “मंग बसा. पाणी देते.”

पुढे लग्न लागलं, मुलांचीही समजूत पटली, देशमुख सरांनी हे नाटक पुढच्या वर्षी पुन्हा ठरवलं आणि बजावलं की तिसरा अंक अगदी हाच पाहिजे, एक शब्द बदलायचा नाही. त्यातला एकही शब्द आमच्यापैकी कोणाला आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत नामदेवभाऊ पायरीवर हजर. मी मनाची तयारी केली. प्रतिज्ञेचा विषय निघणार. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले की रात्रभर विचार केला, आणि पट्टी त्यांनी उतरवलेली नाही, आम्ही उतरवली. म्हणून मिशीचा नियम त्यांना लागू होत नाही, उतरवायच्याच असतील तर आम्ही तिघांनी आपापल्या मिशा उतरवाव्यात. मला मिशी नाही हे मी त्यांच्या नजरेस आणलं. ते म्हणाले, तो तुझा प्रश्न.

उठता उठता त्यांनी खरं काम काढलं. “परकाशले सांग, भाता सुधारला की पट्ट्या तीन घरं खाली नोको ठेवू. दोन ठेव. एक घर माही इज्जत हाये.”

दोन घरं खाली म्हणजे असं, की ज्या दिवशी गळा राजी असेल त्या दिवशी गंधार लागतो, नसेल त्या दिवशी लागत नाही. आणि हे त्यांनाही आधी कळत नाही. त्या वेळी मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. पहिल्याच प्रयोगात कळला. ते ‘ये’वर चढतात. मंडप दम धरतो. मी मांडीवरच्या सुपाला धरून तयार बसते. स्वर आला, तर मी सूप आपटून आत जाते आणि जुना तिसरा अंक होतो, भांडणाचा. नाही आला, तर मी उठून लावते आणि नवा होतो, बहीण-भावाचा. कोणता तिसरा अंक आहे हे नटांना दुसरा अंक संपेस्तोवर माहीत नाही, असं नाटक दुसऱ्या कोणाकडे असेल तर मला कळवा. विकास आणि संजीवनी विंगेत दोन्ही अंकांचे कपडे घेऊन उभे असतात. प्रेक्षकांनी अर्थातच यातही खोड काढली आहे. दम धरायचा तो धरतातच, शिवाय पुढच्या रांगेत भाऊंची बाजू आणि बाईंची बाजू असे दोन तट पडतात. बायका बहुतेक माझ्या बाजूच्या. परतवाड्याला भाऊंचा गंधार लागला तेव्हा एक बाई नाराज होऊन म्हणाल्या, आज म्हाताऱ्यानं मजा घालवली.

हसू येतं, पण त्या क्षणी बाजेवर बसून मला हसू येत नाही. त्यांचा हात वर जातो आणि मानेची शीर फुगते, ते मला जवळून दिसतं. स्वर लागला की त्यांच्या चेहऱ्यावर बसस्थानकावरचा तो माणूस परत येतो. नाही लागला की ते माझ्याकडे बघतात, एकदाच, आणि मी उठते. मी फार लवकर उठले तर त्यांचा हक्क गेला, उशिरा उठले तर त्यांची फजिती झाली. या कामाची तालीम करता येत नाही. दोन प्रयोगांत माझा अंदाज चुकला असावा. त्याबद्दल ते काही बोललेले नाहीत.

आता चांदूर रेल्वेचा प्रयोग ठरला आहे. तिथले मंडळवाले शिस्तीचे आहेत, त्यांना तिसऱ्या अंकाचा सारांश छापायला आधी पाहिजे. छोट्या हत्तीत जागाही कमी, कारण या वेळी त्यांचे स्पीकर आम्हालाच न्यायचे आहेत. जुन्या अंकाला माठ लागतो, फोडायला. नव्या अंकाला मुंडावळ्या आणि दोन पाट लागतात. तेव्हा एकदाचं ठरवायला हवं: नामदेवभाऊंनी गंधार लावायचा, की तो मी माझ्याकडे घ्यायचा. ‘मंग बोलू’ म्हणाले होते ते बोलणं वर्ष झालं तरी झालेलं नाही. विचारायचं मलाच आहे, दुसरं कोणी विचारणार नाही.

दोनदा गेले. पहिल्या वेळी त्यांनी संत्री सोलून दिली आणि जावयाच्या बदलीचं सांगत राहिले. दुसऱ्या वेळी सकाळची वेळ होती, दार लोटलेलं होतं आणि आतून रियाज ऐकू येत होता. सा ओलांडून ते वर निघाले होते. मी चपला काढल्या नाहीत. लागतो की नाही हे कळायच्या आत फाटक ओढून घेतलं आणि दुकानावर आले.

सामानाच्या यादीत माठ आहे, मुंडावळ्या आणि पाटही आहेत. यांतलं काहीतरी खोडायचं आहे.